ऑनलाईन डीअँडडी की टेबलावर? आमची पार्टी फुटायच्या बेताला आलीय, जरा सांगा

तीन_दरवाजा

नमस्कार मंडळी, लई दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहायलोय. विषय लांबडा हाय, चहा घेऊन बसा.

आम्ही सहा जण डीअँडडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळायची) खेळतो, पाच खेळणारे आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा. २०२२ च्या पावसाळ्यात राजारामपुरीत आमच्या माडीवर सुरू केलं. फासे तेव्हा कुणाकडंच नव्हते, लुडोचे सहाचे होते तेवढेच, मग वीसच्या फाशाला काय करायचं तर घरातल्या हौजीच्या डब्यातले १ ते २० नंबर काढून पिशवीत टाकले आणि हात घालून दान काढायचं. पहिले दोन महिने असंच चाललं. त्यामुळं शब्द पण आमचेच झालेत, रोल कुणी म्हणत नाही, दान म्हणतो, मिनीला (पात्राच्या छोट्या पुतळ्याला) सोंगटी म्हणतो, आणि एकजण रोग खेळतो (इंग्रजीतला rogue, चोर-बिर असतो तो क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार) त्यावरनं आईनं एकदा खालनं हाक मारून विचारलं होतं, कुणाला कसला रोग झालाय रे आणि डॉक्टरला दाखवलं का म्हणून.

मोहीम (सगळ्या बैठकांत मिळून चालणारी मोठी गोष्ट) माझी स्वतःची, घरगुती. वेढा पडलेला गड, गडाच्या पोटात तीन मजली विहीर, तळातनं एक वाट. पन्हाळ्यावरची अंधारबाव बघितलेल्यांना कुठनं उचललंय ते कळंल. एका रविवारी तर गाड्या काढून सगळे पन्हाळ्यालाच गेलो आणि तिथं खेळलो, धुकं असलं की समोरचा दिसंना, वाऱ्यानं एकाची कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद) उडाली ती झुणका-भाकरीवाल्या मावशींनी आणून दिली, "कुणाचं बिल उडालंय बघा रं" म्हणत.

आता रडगाणं. गेल्या वर्षी दोघं पुण्याला गेले नोकरीला, एक जर्मनीत. म्हणून आठ महिने ऑनलाईन खेळायलोय, आणि खरं सांगू का, मजा येईना झालीय. मी विचारतो "काय करताय?" आणि पाच काळे चौकोन गप्प. मग कोणतरी "हॅलो, आवाज येतोय का?" मग दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात. टेबलावर चार-पाच तास कसे जायचे कळायचं नाही, इथं दीड तासात माणसं जांभया द्यायला लागतात.

म्हणून मागच्या रविवारी डोकं लावलं, म्हटलं अर्धं अर्धं करू. आम्ही कोल्हापूरचे तिघं माडीवर, बाकीचे तिघं लॅपटॉपवर, लॅपटॉप टेबलाच्या टोकाला पाटावर ठेवला. ते जे झालंय ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. आम्ही इकडं हसायलोय, खालनं कुकरच्या शिट्ट्या, आईचा चहा आला, भडंग आलं, आणि लॅपटॉपमधनं रोगवाला म्हणतोय "कशाला हसलाय सांगा की". दुसऱ्यांदा म्हणला. तिसऱ्यांदा म्हणला. आम्हाला ऐकूच गेलं नाही नीट, आणि थोड्या वेळानं बघतो तर त्याचा चौकोनच नाही. मेसेज आला, "नेट गेलं होतं, झोपतो आता." नेट काय गेलं नव्हतं.

आता इथले दोघं म्हणायलेत सरळ नवीन टेबल काढू, गावातली पोरं घेऊ. पुण्याचे म्हणतात तुम्हाला आम्ही नकोच झालोय. मी मधी. तुम्ही लोक दोन्हीकडं खेळलाय, सांगा, ऑनलाईनला आमचंच काय चुकतंय का मुळात तो प्रकारच तसला आहे?

अर्धवट_जादूगार

भावा, टेबल. विषय संपला.

फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) टाकला की आठ फासे दोन्ही ओंजळीत घेऊन हलवायचे, अख्खी पार्टी श्वास धरून बसते, एखादा फासा कपाटाखाली जातो, तिघं मोबाईलचा टॉर्च लावून पालथे पडतात, आणि तिथं कपाटाखाली सहा पडलेला असतो, त्यावर अर्धा तास भांडण की तो धरायचा का नाही. ऑनलाईन काय, बटन दाबलं, २७ आलं. हिशोब झाला, खेळ कुठं झाला?

आणि नकाशासाठी एक आयडिया देतो. नकाशावरचा एक इंचाचा चौकोन म्हणजे खेळातले पाच फूट, एवढं सगळ्यांना माहितीय, पण कागदावर आखत बसायला कुणाला वेळ हाय. आपल्या कोल्हापुरात फ्लेक्सला काय तोटा? वाढदिवस, निवडणूक, कुस्तीचं मैदान, झालं की आठवड्यात उतरतात. मी ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडनं जुने घेतो, मागची बाजू पांढरी कोरी असते, तिच्यावर इंचाचे चौकोन मारायचे, मार्करनं खोल्या काढायच्या आणि ओल्या फडक्यानं पुसायच्या (मार्कर साधा व्हाईटबोर्डचा घे, परमनंटनं माझा एक गड कायमचा झालाय). वरनं ड्रॅगन, खालनं भावी नगरसेवक. जाळ अन् धूर संगटच.

घरातला_रोग

वरचे जादूगार दादा, विषय तुमचा संपला असेल, माझा नाही संपलेला.

मी पण रोगच खेळते, म्हणून नाव वाचून हसले. मुलगा अडीच वर्षांचा आहे. तो झोपतो साडेनऊला, त्यानंतर भांडी, आणि मग दहा ते बारा हे दोन तास आठवड्यातनं एकदा माझे. त्या वेळी मी कुठल्या माडीवर जाणार आहे? नवरा चांगला आहे, ये जाऊन म्हणतो, पण रात्री बारा वाजता ताराबाई पार्कातनं स्कूटी काढून परत यायचं हे म्हणायला सोपं आहे. आणि लग्नाआधी एकदा गेले होते एका ग्रुपच्या टेबलावर, सहा मुलगे आणि मी, त्यातल्या एकालाच ओळखत होते. कोणी वाईट वागलं असं काही नाही, पण चार तास कोपऱ्यात बॅग मांडीवर धरून बसले, आणि माझ्या प्रत्येक वाक्यानंतर कोणीतरी "म्हणजे तिला असं म्हणायचंय की" करून समजावून सांगत होतं. पुन्हा गेले नाही. ऑनलाईन मात्र तिसऱ्या सेशनला मी अख्ख्या पार्टीचं सोनं ढापलं होतं.

तेव्हा तीन_दरवाजा, त्या काळ्या चौकोनांबद्दल थोडं. कॅमेरा बंद म्हणजे माणूस कंटाळलाय असं दरवेळी नसतं हो. मी कॅमेरा बंद ठेवते कारण मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असते. घड्या घालताना मी टेबलावर बसलेल्यांपेक्षा जास्त ऐकते, हात गुंतले की कान मोकळे होतात. आमच्या डीएमला सुरुवातीला राग यायचा, मग त्यांनी एक केलं, सेशन सुरू होताना पाच मिनिटं सगळ्यांनी कॅमेरा लावायचा, चेहरे बघायचे, आज काय जेवलात, कोण आजारी आहे, मग बंद केला तरी चालेल. त्या पाच मिनिटांनी लई फरक पडला.

आणि तुमच्या त्या मित्राचं वाचून पोटात तुटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर पण कुणी सांगितलं नाही कशाला हसलाय ते.

पाचवा_पहारेकरी

मी २०१९ पासून चालवतोय, आधी टेबलावर, मार्च २०२० नंतर झक मारत कॉलवर, आणि आता दोन ग्रुप आहेत, एक असा एक तसा. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

टेबलावर सहा माणसं बसली की एका वेळेला तीन बोलणी चालू असतात हे कधी मोजलंय का? डीएम दाराचं वर्णन करतोय, दोघं कुजबुजून ठरवतायत की राजाला फसवायचं, एकजण भडंगाची वाटी पुढं सरकवतोय. कुणाचं कुणाला आड येत नाही कारण डावीकडचा आवाज डावीकडनं येतो, उजवीकडचा उजवीकडनं, आणि आपला कान हवं ते उचलतो. कॉलवर सगळ्यांचे आवाज एकाच नळीतनं येतात. त्यात पोचायला किंचित उशीर. दोघं बोलले की दोघंही कळत नाहीत, म्हणून शहाणी माणसं थांबायला शिकतात, आणि सगळीच शहाणी असली की कुणीच बोलत नाही. तुमच्याकडं जी शांतता पसरते ना ती बऱ्याचदा रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांची असते.

आता रांगच आहे म्हटल्यावर रांग लावायचं काम डीएमचं. "काय करताय?" हा प्रश्न टेबलावर चालतो कारण तुम्ही विचारताना कुणाकडं तरी बघत असता. कॉलवर तो प्रश्न हवेत जातो. तिथं नाव घ्यायचं. "रोग, तू दाराला कान लावलायस, आतनं साखळीचा आवाज येतोय, काय करतोस?" एवढं एकच बदलून बघा आधी.

दुसरं म्हणजे वेळ. चार तासांचं सेशन कॉलवर चालत नाही, माझा अनुभव दोन तास, मधे दहा मिनिटं सुट्टी, आणि सुट्टीत कॉल चालू ठेवायचा, कारण टेबलावरची निम्मी मजा चहाच्या वेळचीच असते. लढाया कमी करा. टेबलावर सात गॉब्लिन ठेवले तर बाकीचे आपला नंबर येईपर्यंत फाशांचे मनोरे रचतात, ऑनलाईन तेच लोक दुसऱ्या टॅबवर क्रिकेटचा स्कोअर बघतात. सातऐवजी एकच राक्षस ठेवा पण असा की त्याच्याशी बोलावं लागेल.

आणि ऑनलाईनला जे जमतं ते टेबलाला कधीच जमणार नाही. एक म्हणजे गुपित. टेबलावर तुम्ही एखाद्याला चिठ्ठी दिली की बाकीच्या चौघांचे डोळे चिठ्ठीवर, मग काही नसलं तरी संशय. कॉलवर मी वर्णन करता करता एकाला मेसेज टाकतो, "राजाच्या हातावरचा गोंदण तू आधी कुठंतरी पाहिलायस", आणि बाकीच्यांना पत्ता लागत नाही. दुसरं, आवाज. आपल्या लहानपणी आकाशवाणीला नभोनाट्यं लागायची, दिवे घालवून ऐकलीयत का कुणी? हेडफोन, रात्रीची वेळ, खोलीत अंधार आणि कानाशी एकच माणूस बोलतोय, भीतीच्या गोष्टीला ह्यापेक्षा चांगलं काही नाही. माझ्या ऑनलाईन ग्रुपला मी डीअँडडी सोडून कॉल ऑफ थुलू चालवतो, १९८१ चा खेळ आहे, सगळं टक्क्यांवर चालतं, शंभरच्या फाशावर आपल्या आकड्याच्या आत आलं की जमलं, नकाशा-सोंगट्यांची फारशी गरज नाही. तिथं ऑनलाईन टेबलाला मागं टाकतं असं माझं सरळ मत आहे.

सॉफ्टवेअरच्या नादाला फार लागू नका. मी लागलो होतो. रोल२० (ऑनलाईन नकाशा-फाशांची वेबसाईट) २०१२ पासूनचं आहे, फुकटात पण चालतं, पण भिंतींआड अंधार आणि ज्याच्या हातात दिवटी त्यालाच दिसणार हे जे असतं त्याला मी बघितलं तेव्हा पैसे पडायचे. फौंड्री म्हणून तसंच दुसरं आहे, त्याला एकदाच पैसे भरायचे, पण ते आपल्या कॉम्प्युटरवरनं चालवायचं असतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरगुती कनेक्शनला स्वतःचा असा पत्ता नसतो, कितीतरी घरं एकाच आयपीच्या मागं, त्यामुळे बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही, मग टनेल (बाहेरच्यांना आत यायची आडवाट) लावा नाहीतर सर्व्हर भाड्यानं घ्या. हे सगळं करून मी तीन आठवडे एका गुहेच्या भिंती आखत बसलो, दिवटीचा उजेड वीस फूट लख्ख आणि पुढचे वीस फूट अंधुक, सगळं नियमाप्रमाणे. पोरं आली, गुहेच्या तोंडाशी उभी राहिली, म्हणाली वास घाण येतोय, आणि परत गावात गेली. आता मी आऊलबेअर रोडिओ वापरतो, ब्राऊझरमधे लिंक उघडली की झालं, चित्र टाकायचं आणि सोंगट्या हलवायच्या.

राहिलं तुमचं अर्धं-अर्धं. ते करू नका. एकजण स्क्रीनवर असेल तर सगळ्यांनी स्क्रीनवर यायचं, एका घरात असलात तरी. प्रत्येकाचा वेगळा मोबाईल, वेगळी खोली, कानात इअरफोन. एकाच खोलीत दोन माईक चालू ठेवलेत तर चीं करून असा आवाज येईल की शेजारी येतील.

अर्धवट_जादूगार

ताई, माझं जरा घाईत लिहून झालं, तुमचं बरोबर आहे, रात्री बाराचा विचार मी केलाच नव्हता. माझ्या टेबलावर पण बाईमाणूस कधी आलं नाही ते का आलं नसंल हे आज डोक्यात आलं.

पण बटन ते बटनच. त्यात काय माघार नाही. अ‍ॅपचा फासा मला ओळखतो, महत्त्वाच्या वेळी १ चा आकडा, म्हणजे सगळ्यात वाईट दान देतो, माझ्याकडं पुरावा आहे.

पाचवा_पहारेकरी

पुरावा नाही हो, आठवण आहे. वीसच्या फाशावर एक पडायची शक्यता पाच टक्के, रात्रभरात चाळीस वेळा फासा टाकलात तर सरासरी दोनदा पडणार, आणि तेच तुमच्या लक्षात राहतात. उलट हातातल्या फाशांचीच खात्री नसते, स्वस्तातल्या फाशात आत बुडबुडा असतो, मिठाच्या पाण्यात तरंगवून बघा, परत परत तोच आकडा वर आला तर तो फासा गडबड आहे.

हवं तर ऑनलाईन खेळताना पण स्वतःचे फासे टाका घरी आणि आकडा सांगा. आमच्यात चालतं. खोटं बोलला तर बोलला, मित्राशी खोटं बोलून वीस सांगणाऱ्याचं मला वाईट वाटतं, राग येत नाही.

अर्धवट_जादूगार

मिठाच्या पाण्यात टाकले. सात फाशांतले दोन तळाला गेले, बाकीचे पण गेले. मीठ किती घालायचं ते सांगायला पाहिजे होतं की.

चित्रीचं_पाणी

मी गडहिंग्लजकडचा. तुमची सगळ्यांची भांडणं वाचून गंमत वाटली, टेबल का ऑनलाईन म्हणे. अहो माझ्या आसपास हा खेळ ठाऊक असलेला माणूसच नाही. कोल्हापूरला यायचं म्हणजे जायला दोन तास, यायला दोन तास, आणि शेवटची एसटी चुकली की मुक्काम. मला पर्यायच एक आहे.

आणि नेट पण इथं असंतसंच, पावसात तर विचारू नका, कॉल धरत नाही. म्हणून आम्ही चौघं लिहून खेळतो. ग्रुपवर डीएम एक परिच्छेद टाकतो, आम्ही आपापल्या सवडीनं उत्तर द्यायचं, दिवसाला एक. एक लढाई आमची श्रावणात सुरू झाली ती दिवाळीच्या फराळाला संपली. पण लिहून खेळताना माणूस जे बोलतो ते तोंडानं कधी बोलणार नाही. आमच्यातला एकजण दुकान चालवतो, दिवसभर "हे घ्या, सुट्टे द्या" ह्यापलीकडं बोलत नाही, त्याच्या म्हाताऱ्या साधूनं मेलेल्या घोड्यासाठी जे चार ओळी लिहिल्यात त्या मी जपून ठेवल्यात. समोर बसला असता तर त्याच्या तोंडातनं त्या निघाल्या नसत्या, आणि निघाल्या असत्या तर कुणीतरी हसलं असतं.

जुलै २०२१ च्या पुरात हायवे बंद झाला तेव्हा आमचा एकजण अलीकडं आणि दोघं पलीकडं अडकले होते. रेंज आली की एक ओळ टाकायचे. खेळातली पार्टी पण तेव्हा योगायोगानं नदीकाठीच होती, डीएमनं आठवडाभर पाणी उतरूच दिलं नाही.

आणि लांबनं खेळणं काय आजचं नाही. डीअँडडी १९७४ ला आलं, गायगॅक्स आणि आर्नेसन ह्यांचं, पण त्याच्या आधीपासनं अमेरिकेत लोक डिप्लोमसी नावाचा पटावरचा खेळ पोस्टानं खेळायचे, १९६३ पासनं. आमचे मामा पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचे, एक डाव दीड वर्ष चालला होता आणि शेवटी समोरच्यानं पत्ता बदलला. मामा हरणार होते म्हणून ते खूश.

भेळ_आणि_बार्ड

टेबल टेबल करताय ते ठीक, पण टेबल आहे कुठं ते सांगा. आमच्यात कुणाच्या घरी माडी नाही. दोन बीएचकेत आजी, टीव्ही, लहान बहिणीची परीक्षा. एका कॅफेत गेलो होतो, चार तासात सहा चहा आणि एक सँडविच, तिसऱ्या तासाला पोऱ्या येऊन फडकं मारायला लागला, टेबल पुसतोय पुसतोय, सोंगट्या उचलून खाली पुसतोय, आम्हाला कळलं. रंकाळ्यावर बसलो तर वारा आणि बघे. बघे म्हणजे साधे नाहीत, एक काका दहा मिनिटं मागं उभं राहून शेवटी म्हणाले "ह्यात पैसे किती लावलेत?" आम्ही सांगितलं काका पैसे नसतात, तर त्यांचा विश्वास बसला नाही, जाताना "पोलीस येतील हं" म्हणून गेले.

त्यामुळं आम्ही ऑनलाईनच. आवडीनं नाही, जागा नाही म्हणून. हे पण लिहा कुठंतरी.

तीन_दरवाजा

सगळ्यांचे लई आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं.

घरातला_रोग ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी त्याच रात्री रोगवाल्याला फोन लावला. कॉलवर नाही, साधा फोन. त्याला सांगितलं कशाला हसलो होतो. बार्डवाल्यानं (गाणारा शाहीर असतो तो क्लास) आईला "अन्नपूर्णे, तुझ्या भडंगावर पाच पोवाडे" असं काहीतरी म्हटलं होतं आणि आईनं लाटणं दाखवलं. सांगितल्यावर मलाच कळलं की ह्यात हसण्यासारखं काहीच नाही, तिथं असाल तरच हसू येतं. तो पण म्हणाला, "एवढ्यासाठी?" आणि मग हसला. तासभर बोललो, खेळाचं दोनच मिनिटं.

पाचवा_पहारेकरी दादा, तुमचं सगळं ह्या रविवारी करून बघितलं. दोन तास, नाव घेऊन विचारायचं, सगळे स्क्रीनवर. एकजण माडीवर, एकजण खाली देवघराशेजारी, मी जिन्यात. घरातल्या घरात एकमेकांना फोनवर ऐकायचं म्हणजे आईला वाटलं आमचं भांडण झालंय, ती दोन्हीकडं जाऊन समजूत घालून आली. वेळ पण बदलली, सव्वा नऊ, जर्मनीवाल्याला तिकडं पावणेपाच होतात (उन्हाळ्यात पावणेसहा, ते लोक घड्याळ पुढंमागं करतात, त्यानं आम्ही दोनदा घोळ घातलाय).

पहिला पाऊण तास नेहमीसारखाच वाईट गेला, खोटं कशाला बोलू. एका ठिकाणी मीच नाव घ्यायला विसरलो आणि परत ती शांतता. मग सगळे विहिरीत उतरले, मी मोबाईलचा उजेड पण बंद केला, जिन्यात अंधारच होता, आणि हळू आवाजात बोलायला लागलो, कारण वर वडील झोपले होते. त्या हळू आवाजानं काम केलं. पुण्याच्या दुसऱ्यानं नंतर सांगितलं की त्यानं पण खोलीतला दिवा घालवला होता. टेबलावर माझा हा आवाज कधी लागला नसता, तिथं मला ओरडावं लागतं.

ठरलंय असं की ही मोहीम पूर्ण ऑनलाईन, सगळे सहा, शेवटपर्यंत. इथल्या दोघांना टेबल पाहिजेच म्हणतात तर महिन्यातनं एकदा माडीवर एका दिवसात संपणारी छोटी गोष्ट, गावातली नवीन पोरं-पोरी घेऊन, पण त्यात आपल्या मोहिमेतलं एकही पात्र आणायचं नाही, ही पुण्यावाल्यांची अट. रास्त आहे. भेळ_आणि_बार्ड, माडी तुम्हाला पण मोकळी आहे, आईला पैसे लावत नाही एवढं मात्र येऊन सांगावं लागंल. ताई, तुम्हाला पण बोलावलं असतं, पण ते दुपारी असेल, मुलगा घेऊन आलात तर आईच त्याला सोडायची नाही.

दिवाळीला सगळे गावात असतील, तेव्हा एक सेशन टेबलावर करायचं का पन्हाळ्यावर हे अजून ठरंना. जर्मनीवाला पन्हाळा म्हणतोय. त्याचीच शीट उडाली होती.

आणि एक राहिलं. रविवारी विहिरीच्या दुसऱ्या मजल्यावर असताना मी रोगवाल्याला एकट्याला मेसेज टाकला होता की तुला वेढा घातलेल्यांच्या सरदारानं काय देऊ केलंय. त्यानं एका शब्दात उत्तर दिलं. बाकीच्या चौघांना अजून माहिती नाही आणि त्यातला एकजण इथं रोज वाचत असतो, म्हणून पुढचं लिहीत नाही.

घरातला_रोग

रोग जातीचं रक्त आहे ते. एका शब्दात म्हणजे "किती" एवढंच विचारलं असणार.

अर्धवट_जादूगार

माडीसाठी फ्लेक्स पाठवू का? माप सांग, दोन पडून आहेत.

तीन_दरवाजा

साडेतीन फूट बाय अडीच फूट. पण पुढच्या बाजूला कुणाचा फोटो हाय ते आधी सांग भावा, आमच्या वडिलांचं राजकारण वेगळं हाय.